एक जूनचे गाव

यावल तालुका,
बुधवार, १२ मे १९५४

प्रिय मोतीलाल,

पत्राच्या आरंभी प्रकृतीची विचारपूस करावी, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद लिहावेत, अशी रीत आहे. ती मी आज मोडतो. विचारपूस आणि संताप एकाच दौतीतून काढता येत नाहीत, आणि माझ्यापाशी या घटकेला फक्त दुसरी वस्तू भरपूर आहे.

परवा टपालाने शेवंताचा अर्ज परत आला. तुमच्या धुळ्याच्या अध्यापन विद्यालयाच्या निवड समितीने तो नाकारला आहे. अर्जाच्या डोक्यावर तांबड्या शाईने दोन वाक्ये लिहिली आहेत : ‘शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारीख अंतिम समजावी. लोकश्रुती हा पुरावा नव्हे.’ खाली चिटणीस म्हणून तुझी सही. अक्षर ओळखायला मला चष्मा लावावा लागला नाही. अमळनेरच्या वसतिगृहात चार वर्षे एका कंदिलाखाली अभ्यास केला आपण. तुझा ‘ल’ अजूनही शेपटी उंचावून पळणाऱ्या वासरासारखाच निघतो.

तू म्हणशील, कोण ही शेवंता? तुझ्यापुढे शेकडो अर्ज येतात, हे मी जाणतो. म्हणून नीट, पायरीपायरीने सांगतो. शिकवणे हा माझा धंदा आहे आणि रागातही तो सुटत नाही.

शेवंता ही आमच्या गावच्या झुलाल चौधऱ्यांची मुलगी. घरी केळीची बाग, थोडा कपाशीचा तुकडा, खाऊनपिऊन सुखी माणसे. दोन वर्षांपूर्वी ती सातवीची फायनल उत्तम गुणांनी उतरली. तेव्हापासून माझ्या शाळेत पहिलीच्या वर्गावर बसते आहे, विनापगार, स्वखुशीने. तू एकदा येऊन पाहायला हवेस. चिंचोके मांडून ती वजाबाकी शिकवते तेव्हा पोरे ‘हातचा’ घ्यायला खरोखर शेजाऱ्याच्या घरी जातात, उसने मागतात, आणि ‘दहा दे, म्या परत नाही देनार’ म्हणून भांडतात! सर्टिफिकेटवाले आम्ही वर्षानुवर्षे ‘हातचा एक’ असे घोकून घेत आलो. तो कोणाच्या हातचा, हे आम्हांलाही कोणी सांगितले नव्हते. तिच्यामुळे दोन वर्षांत पहिलीतल्या मुलींची संख्या दुप्पट झाली. कारण साधे आहे. शाळेत बाई असेल तर आई मुलीला पाठवते. तालुक्यातल्या आमच्या बाजूला एकही शिक्षिका नाही. ही पहिली झाली असती.

तिच्या वाटेत उभी आहे एक तारीख. तुमच्या नियमाप्रमाणे उमेदवाराला जूनच्या मध्याला सतरा वर्षे पूर्ण हवीत. शेवंता सतरा पूर्ण करून अठराव्यात चालते आहे. परंतु रजिस्टर म्हणते, तिचा जन्म १ जून १९३९ चा, म्हणजे ती पंधराची. आता या १ जूनचे रहस्य तुला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. पण तांबड्या शाईची बाटली उघडली की माणसाला बरेच विसरायला होते, म्हणून पुन्हा सांगतो.

आमच्याकडे मूल शाळेत घालायला बाप येतो. मास्तर विचारतो, जन्म कधीचा? बाप म्हणतो, गव्हाच्या सोंगणीत झाला. कोणी म्हणतो, तापीला पूर आला त्याच्या दुसऱ्या सालचा. कोणी म्हणतो, गांधीबाबा गेले त्या दिवशी बारसं व्हतं, साखर वाटली नाही. ही उत्तरे रजिस्टराच्या रकान्यात बसत नाहीत. शाळा जूनमध्ये उघडते, मूल पहिलीला म्हणजे सहा वर्षांचे धरायचे. तेव्हा मास्तर सहा वर्षे वजा करतो, १ जून लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो. मी इथे येण्यापूर्वी तीन मास्तर होऊन गेले, तिघांनी हेच केले. त्यांना दोष देत नाही. खालच्याने रकाना भरला नाही तर वरचा ओरडतो. पण परिणाम बघ. आमच्या रजिस्टराप्रमाणे हे गाव वर्षभर वांझ असते आणि एक जूनला सगळ्या घरांत एकदम पाळणे हलतात! निंबा आणि कौतिक हे सख्खे भाऊ एकाच वर्षी शाळेत घातले, म्हणून दोघेही एकाच दिवशी जन्मलेले. जुळे नव्हेत. त्यांची आई मला म्हणाली, ‘मास्तर, दोघांच्या मधात मी दोनदा लोनचं घातलं, अन् तुमी म्हनता एकच दिस?’

पिंप्राळ्याच्या माझ्या बहिणीचा पुना तर १५ ऑगस्ट १९४७ ला जन्मला. त्या सकाळी गल्लीत पेढे वाटले ते स्वातंत्र्याचे की पुनाचे, हे कोणाला कळले नाही. त्याचीही नोंद १ जून १९४७. स्वतंत्र देशात पहिला श्वास घेतलेल्या पोराला एका कारकुनाच्या टाकाने अडीच महिने मागे, पारतंत्र्यात ढकलून दिले! हे ऐकून लोक हसतात. मला हसू येत नाही.

तुला ठाऊक आहे, मी शाळेच्या दाराशी रोज फळ्यावर ‘आजचा दिवस’ लिहितो. आज सुटी नसती तर नाइटिंगेलबाईंचा जन्म लिहिला असता. रुग्णांची सेवा करता करता मृत्यूचे आकडे मांडून सरकारचे डोळे उघडणारी ही बाई मला फार आवडते. तीन वर्षांपूर्वी एक जूनसाठी काय लिहावे म्हणून धुंडाळले. १९३० साली त्या दिवशी पुण्या-मुंबईची दख्खनची राणी पहिल्यांदा धावली. १९४८ साली पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. दोन्ही छान. आणि तिसऱ्या ओळीला मी खडूने लिहिले, ‘याच दिवशी या शाळेतील सर्व मुलांचा जन्म झाला नाही.’ तपासनीस साहेब आले होते, त्यांनी ती ओळ पुसायला लावली. आगगाडीला खरी तारीख, मोटारीला खरी तारीख, आणि माणसाच्या लेकराला मात्र लॉटातली! ज्या देशात बैलाच्या खरेदीची पावती दिवस घालून मिळते तिथे मुलीच्या जन्माला दिवस नाही, याची चीड मला एकट्यालाच यावी?

आणि आता खरी मेख ऐक. गेल्या आठवड्यात आखाजी झाली. गावभर लिंबांना झोके टांगलेले, सासरच्या लेकी माहेरी आलेल्या, गाणी चाललेली. शेवंता झोक्यावर गेली नाही. तिला पाहायला सावद्याची मंडळी येऊन बसली होती. स्थळ वाईट नाही. मुलगा निर्व्यसनी आहे, बाग चौधऱ्यांच्यापेक्षा मोठी. पण लग्नानंतर शिकणे नाही, शिकवणे तर नाहीच, हे त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकले. झुलालभाऊ तसा दिलदार माणूस. त्याने मला शब्द दिला आहे की धुळ्याचे बोलावणे मे-अखेर आले तर तो सावदेकरांना हात जोडील, आणि नाही आले तर जूनच्या पहिल्या आठवड्यात मांडव घालील. अर्ज परत आल्याचे कळताच तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, ‘मास्तर, तुमचंच रजिस्टर सांगते, एक जूनले पोरगी पंधराची पुरी होते. सरकारचा कायदा बी पंधराच सांगते. मंग आता कायले थांबू?’

समजले तुला? १९४९ च्या दुरुस्तीने मुलीच्या लग्नाला पंधरा वर्षे लागतात. ज्या खोट्या तारखेने ती तुमच्या वर्गाला दोन वर्षे लहान ठरते, त्याच खोट्या तारखेने ती एक जूनच्या सकाळी बोहल्याला मात्र नेमकी पुरते! एकच शाईचा डाग. तो शाळेच्या बाजूने पाहिला तर कुलूप, आणि सासरच्या बाजूने पाहिला तर किल्ली. आपण कायदे मुलींना वाचवायला करतो आणि रजिस्टरे मात्र अशी लिहितो की तेच कायदे त्यांना ढकलायला उपयोगी पडावेत.

शेवंता काय म्हणाली, ते सांगतो. रडली नाही. अर्ज माझ्या हातातून घेतला, तांबडी ओळ वाचली आणि विचारले, ‘मास्तर, लोकश्रुती म्हंजे काय?’ मी सांगितले, लोकांच्या तोंडचे ऐकीव. ती म्हणाली, ‘मंग माही माय लोक हाये का?’ आणि वर्गावर निघून गेली. सुटी असूनही चार-पाच पोरी तिच्याकडे बेरीज घोटायला येतात.

हा प्रश्न मी तुझ्याकडे जसाच्या तसा पाठवतो. ज्या बाईने जन्म दिला ती जन्माच्या बाबतीत ‘लोक’ होते, आणि सहा वर्षे वजा करणारा मास्तर ‘पुरावा’ होतो, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? आपण दोघेही तर्कशास्त्र एकाच प्राध्यापकांकडे शिकलो. तुला माझ्यापेक्षा चार गुण अधिक होते.

अर्जासोबत शेवंताच्या आईचे, भिकुबाईचे, निवेदन होते. ते मीच उतरवून घेतले होते. त्यात इतकेच होते की मुलगी फैजपूरच्या काँग्रेसच्या पहिल्या दिवशी झाली. मला ते पुरेसे वाटले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिलेच अधिवेशन. त्याची तारीख कोणत्याही शाळकरी पोराने सांगावी, २७ डिसेंबर १९३६. ज्या आईला इंग्रजी महिना ठाऊक नाही तिने आपल्या लेकराचा जन्म देशाच्या इतिहासाला खुंटीसारखा टांगून ठेवला आहे. इतिहासाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. तू तो ‘लोकश्रुती’ म्हणून झटकलास.

२७ डिसेंबर! तुला तो दिवस वाचूनही काही आठवले नाही, याचा मला सर्वांत अधिक राग आहे. वसतिगृहातला आपला खेळ आठव. एकाने तारीख टाकायची, दुसऱ्याने त्या दिवशी जगात काय काय घडले ते सांगायचे. जो आधी अडेल त्याने दुसऱ्याची बादली विहिरीवरून भरून आणायची. मी ‘२७ डिसेंबर’ म्हटले की तू अंथरुणात उठून बसत असस. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे दाखवणारा केप्लर त्या दिवशी जन्मला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस शोधणारा पाश्चर त्याच दिवशीचा. ‘बीगल’ जहाज जगाच्या फेरीला निघाले तेही त्याच दिवशी. चौथे, फैजपूर. इतके झाले की मी हरल्याची कबुली देत असे, पण तू थांबत नसस. पाचवी घटना सांगायची, आणि ती सांगताना उभे राहायचे. तो तुझा हट्ट होता. त्या पाचव्या घटनेसाठी किती बादल्या मी भरल्या असतील! बादलीची तक्रार नाही. तक्रार ही, की तेव्हा जी गोष्ट केप्लरच्या पंक्तीला बसवण्याइतकी मोठी वाटत होती, ती चिटणीसाच्या खुर्चीत बसल्यावर पुसून कशी गेली?

अर्ज परत आल्यावर मी भिकुबाईकडे गेलो. म्हटले, अक्का, दोन ओळींनी भागले नाही. त्या दिवशीचे सगळे सांगा, अगदी गाडी जुंपल्यापासून. ती केळीची पाने पुसत बसली होती. प्रथम लाजली. ‘बायकाईचं बायतपन मास्तरले काय सांगाव?’ मग एकदा बोलू लागली आणि थांबेना. दिवस भरत आले होते, सासू नको म्हणत होती. पण सारे गाव गाड्या जुंपून निघाले तेव्हा तिला घरी राहवले नाही. ‘नेहरूले पाह्याले गेली, अन् पोरीले पाहून आली,’ असे म्हणून ती स्वतःच खळखळून हसली. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगराच्या बांबूच्या कमानीपाशी पोचेपर्यंत कळा सुरू झाल्या. गर्दी अशी की गाडी पुढेही जाईना, मागेही फिरेना. झुलालभाऊ, तेव्हा तरुण पोर, घाबरून बैलांनाच पाणी पाजत सुटला. (‘मह्यापेक्षा बैलाईची काळजी!’ हे ती अठरा वर्षांनीही त्याला ऐकवते.) कोणीतरी कमानीवरच्या स्वयंसेवकाला सांगितले. त्याच्या हातात पत्र्याचा कर्णा होता, हरवलेल्या माणसांची नावे पुकारायला. त्याने त्यातून हाक दिली, कोणी सुईण असेल तर कमानीपाशी या. गर्दीतून एक बेबाबाई म्हणून म्हातारी आली. चार बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. गाडीतच पोर झाली.

‘अन् मंग,’ भिकुबाई म्हणाली, ‘तो कर्न्यावाला पोरगा पुन्हा वरडला. टिळकनगराची वस्ती एकानं वाढली! बाय-बायतीन खुशाल! सारे लोक हासले, टाया वाजवल्या. मले अशी लाज वाटली, मास्तर. पन हासू बी आलं. इतक्या मानसाईत पोरीचं सोयर सांगनारा तो एकच भेटला. घरी आली त सासू म्हने, पोरगीच झाली का.’

मोतीलाल, मी पान पुसायला घेतले होते, ते हातातच राहिले. त्या दिवशी स्वयंसेवक म्हणून माझी नेमणूक पलीकडच्या पाणपोईवर होती. मला ती गाडी दिसली नव्हती, ती बाई दिसली नव्हती. मी फक्त कर्णा ऐकला होता. रात्री गवताच्या राहुटीत आपण त्यावर पोट धरून हसलो होतो. सकाळी ती गाडी निघून गेली, आणि ती कुठल्या गावची, हे तुला नाही, मला नाही, कोणालाच ठाऊक नव्हते. अठरा वर्षे त्या पोरीला मी फक्त तुझ्या पाचव्या घटनेत ओळखत होतो, आणि गेली चार वर्षे ती माझ्यासमोर फळा पुसत होती.

आता हे पत्र कशासाठी लिहिले, ते सांगतो. दया मागायला नाही. तुमच्या नियमांची प्रत मी जळगावहून मागवून वाचली. रजिस्टराची तारीख चुकीची असल्यास, जन्मसमयी हजर असलेल्या प्रतिष्ठित व्यक्तीने दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र केले तर ते ग्राह्य आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. बेबाबाई आता या जगात नाही. ज्या चार बायकांनी लुगडी धरली त्यांना तुमचा नियम प्रतिष्ठित मानणार नाही. उरला एक. साक्षीदाराने स्वतःच्याच समितीत निर्णय देऊ नये, हे मलाही कळते. तेव्हा त्या एका अर्जापुरता तू खुर्चीवरून ऊठ, निर्णय दुसऱ्याला करू दे, आणि साक्षीला उभा राहा. स्वतःची तांबडी शाई स्वतःच्या तोंडाने खोडायला लाज वाटेल. भिकुबाईलाही वाटली होती. येत्या सोमवारी मी, शेवंता आणि ती पहिल्या एसटीने निघून दुपारपर्यंत तुझ्या कचेरीत येतो. माणसाचे नाव मी भिकुबाईला सांगितलेले नाही. इतकेच विचारले, त्या कर्ण्यावाल्याला ओळखाल का? ती म्हणाली, ‘तोंड नाही पाह्यलं, मास्तर, आडोसा व्हता. पन आवाज? आवाज कुढीबी ओयखीन.’ आम्ही बाहेरच्या बाकावर बसू. आत बोलावण्याची घाई करू नकोस. फक्त दार उघडे ठेव, आणि शिपायाला हाक मारशील ती जरा मोठ्याने मार.

तुझाच, आणि तुझा आहे म्हणूनच इतका रागावलेला,
तोताराम